मुहूर्ताचा तुकडा

मल्हाररावांनी कॉफीचा स्टीलचा लोटा नव्या लॅपटॉपच्या मिटलेल्या झाकणावर ठेवला आणि तो डुगडुगतो का, हे बोटानं हलवून पाहिलं.

“बसतो बरोबर,” ते म्हणाले. “टीपॉय म्हणून चालेल.”

अजिंक्यनं घाईघाईनं लोटा उचलला आणि झाकणावर उमटलेलं ओलं कडं शर्टाच्या बाहीनं पुसलं. निपाणीकडचा हा माणूस मारतहळ्ळीला खोली घेऊन राहत होता आणि परदेशातून येणाऱ्या ओळखीपाळखीच्या लोकांकडून लॅपटॉप मागवून विकत होता. आज त्याला बनशंकरीच्या या स्टुडिओत बोलावलं होतं ते मल्हाररावांच्या मुलीनं, चंदनानं.

“काका, असलं करू नका की. ह्याच्यात व्हिडिओ कापता येतोय. अख्खी कॅसेट आत घ्यायची, पाहिजे तिथं तोडायचं, पाहिजे तिथं जोडायचं.”

“आणि पुढल्या महिन्यात दोन हजार साल लागलं की धाडकन बंद पडायचं. पेपरात आलंय. सगळ्या डब्यांचं एकदम श्राद्ध.”

मल्हारराव स्वतःच्याच बोलण्यावर हसले. दुसरं कुणी हसलं नाही, याचं त्यांना काही वाटलं नाही. आपला विनोद कळायला समोरच्याला अक्कल लागते, अशी त्यांची जुनी समजूत होती. या समजुतीपायी ते पंधरा वर्षं बहुतेक एकटेच हसत आले होते.

जगात त्यांना तुच्छ न वाटणाऱ्या गोष्टी थोड्या होत्या. नवरानवरीच्या फोटोभोवती बदामाचा आकार काढणारे व्हिडिओवाले त्यांना कुंकवाच्या डबीवर चित्रं काढणाऱ्यांसारखे वाटत. पावडर थापून बसलेल्या नवऱ्या, कॅमेरा दिसला की पोट आत घेणारे व्याही, कल्याण मंटपात ऐन वेळी पुढं घुसणारे मामे, सगळे एका माळेचे मणी. सगळ्यात खालच्या पायरीवर होता तो लाइट धरणारा. ‘ज्याला काहीच जमत नाही त्याच्या हातात लाइट द्यावी,’ असं ते येईल त्याला सांगत. आणि सगळ्यात वरच्या पायरीवर कोण, हे स्टुडिओच्या पाटीवर मराठीत आणि कन्नडमध्ये रंगवलेलंच होतं: ‘मल्हारराव व्हिडिओ. मुहूर्त चुकत नाही.’

ती नुसती जाहिरात नव्हती. ताळी, म्हणजे मंगळसूत्र, बांधायचा क्षण एकदाच येतो. ओलगाच्या सनया एकदम जोरात वाजायला लागतात, अक्षता उडतात, माणसं उठून उभी राहतात, आणि त्या गर्दीतून नवऱ्याचे हात आणि नवरीचा गळा स्पष्ट मिळाला तर मिळाला. तेवढं नसेल तर बाकीची तीन तासांची कॅसेट लोक तोंडावर फेकतात. मल्हाररावांना ते आजवर मिळत आलं होतं. गेली दोन वर्षं व्ह्यूफाइंडरमध्ये जरा धुकं धरत होतं खरं, पण तो दोष कॅमेऱ्याचा. जपान्यांनीही आता माल हलका केला होता.

“अण्णा, जुना लॅपटॉप आता उघडतसुद्धा नाही,” चंदना म्हणाली.

जुना लॅपटॉप टेबलाच्या कोपऱ्यात होता. बिजागरी तुटल्यामुळं त्याचा पडदा कॅसेटच्या चळतीला टेकवून उभा करावा लागे. चार वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाकडून तो घेतला होता. त्यावर चंदना नवरानवरीची नावं लिही आणि कुठल्या कॅसेटचा कुठला तुकडा कितव्या आकड्यावर आहे, त्याच्या याद्या करी. मग दोन व्हीसीआर जोडून, त्या याद्या बघत, एकातून दुसऱ्यात तुकडे उतरवी. मल्हारराव मागच्या खुर्चीत बसून हुकूम सोडत. लॅपटॉपला ते टाइपरायटर म्हणत, आणि मुलीला काही म्हणतच नसत.

“तुला टायपिंग करायला नवा पाहिजे?”

“टायपिंग नाही. लोक आता हेच मागतात. आणि,” ती जरा थांबली, “मीही कॅमेरा धरायला लागले, तर एका दिवशी दोन लग्नं घेता येतील.”

“मुहूर्त म्हणजे भाजी निवडणं नव्हे.”

तिनं मान खाली घातली नाही. नवऱ्याचं घर सोडून तीन वर्षांपूर्वी ती परत आली, तेव्हापासून तिनं मान खाली घालणं सोडलं होतं. मल्हाररावांना तेही आवडत नसे.

“सरी, बरं,” ते अजिंक्यकडं वळले. “एवढा उड्या मारतोयस तर दाखव. माझ्या कामात तुझा डबा काय सुधारतो ते बघू. चंदना, हंबीररावांच्या मुलीच्या लग्नाची कॅसेट दे.”

“ती नको, अण्णा. दुसरी देते.”

“का? ती काय सोवळ्यात आहे? गेल्याच महिन्यातलं काम. तीच दे.”

चंदनानं कपाटातून कॅसेट काढली, पण तिच्या हातातून ती लवकर सुटेना. शेवटी मल्हाररावांनीच ओढून घेतली.

अजिंक्यनं व्हीसीआरची वायर स्वतःच्या छोट्या कॅमेऱ्यात घातली आणि कॅमेऱ्याची बारीक वायर लॅपटॉपात. मल्हाररावांनी कॅसेट पुढं पळवून मुहूर्ताच्या जरा अलीकडं आणून दिली. दोन मिनिटांचा तुकडा आत गेला. एरवी मल्हारराव झालेलं काम बघत ते फळीवरच्या टीव्हीवर, खुर्चीत मागं रेलून, सहा हातांवरून. आता अजिंक्यनं लॅपटॉप उचलून थेट त्यांच्या मांडीवर ठेवला.

“बघा की काका. थांबवलं तरी थरथरत नाही, रेघा येत नाहीत. हे बटण दाबलं की एकेक चित्र पुढं.”

हंबीररावांची मुलगी पाटावर बसली होती. भटजी काही सांगत होते. मग एकदम नवऱ्याचे हात पडदाभर आले, ताळीचा दोरा, गळा, वरून पडणाऱ्या अक्षता, आणि हार बाजूला धरायला वर आलेला नवरीचा उजवा हात. चेहरा नाहीच. नुसते हात आणि गळा.

“आयला, काय शॉट आहे काका! बाकीची कॅसेट एकीकडं आणि हे एकीकडं.”

मल्हाररावांनी मिशीवरून बोट फिरवलं. “हे तुझ्या डब्यातून येत नाही. हे इथून येतं,” म्हणत त्यांनी छातीवर थाप मारली. “तो मामा मधे तडमडला होता, तरी घेतला.”

अजिंक्य बटण दाबून एकेक चित्र मागंपुढं नेत होता. मध्येच तो थबकला.

“काका, हिथं बांगड्या बदलल्यात.”

“काय?”

“अलीकडच्या चित्रात हिरव्या आहेत, मधी सोन्याच्या. ह्या पुढच्या चित्रात बघा, परत हिरव्या.”

“मुहूर्ताला नवरी बांगड्या बदलत बसते होय रे? डोळे तपासून घे जा.”

अजिंक्यनं मदतीसाठी चंदनाकडं पाहिलं. “अक्का, तुम्हीच सांगा की.”

चंदनानं उजव्या मनगटावरच्या घड्याळाचा रुंद पट्टा उगीचच मागंपुढं केला.

मल्हाररावांनी लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलून नाकाजवळ आणला. इतक्या जवळून त्यांनी कित्येक दिवसांत काही पाहिलं नव्हतं. चित्र हलत नव्हतं. सोन्याच्या दोन बांगड्यांच्या वर, मनगटाच्या आतल्या अंगाला, चिंचोक्याएवढा तपकिरी डाग होता.

तो डाग त्यांनी ओळखला. चंदना बारा वर्षांची असताना यशवंतपूरच्या एका लग्नात लाइट धरून उभी होती. लाइटचा वरचा पत्रा मनगटाला टेकला, तशी ती किंचाळली आणि लाइट हलली. लाइट हलल्याबद्दल त्यांनी तिला चारचौघांत झापलं होतं. हाताचं काय झालं ते घरी गेल्यावर तिच्या आईनं पाहिलं.

आणि हा शॉटही त्यांनी ओळखला. सहा वर्षांपूर्वी चंदनाचं कन्यादान उरकून, ओले हात धोतराला पुसत, ते धावत कॅमेऱ्यामागं गेले होते. मुलीचा मुहूर्त दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला त्यांचं मन धजलं नाही. कॅमेरा त्यांनी हातांवर आणि गळ्यावरच ठेवला होता. चेहऱ्यावर नेला असता तर हात हलला असता, आणि हे त्यांनी आजतागायत कुणाला सांगितलं नव्हतं. त्या लग्नाची माती झाल्यावर त्या कॅसेटला त्यांनी पुन्हा हात लावला नाही.

“हंबीररावांच्या मुलीचा माझा शॉट कुठाय?” त्यांनी विचारलं.

“फोकस गेला होता,” चंदना म्हणाली.

“सगळा?”

“ताळी दिसतच नव्हती, अण्णा. नुसतं पांढरं.”

बाहेर रिक्षावाल्याचं आणि गिऱ्हाइकाचं भांडण चाललं होतं. एरवी मल्हाररावांनी दारात जाऊन दोघांचीही अक्कल काढली असती.

“किती लग्नांत घातलंयस हे?”

तिनं जुन्या लॅपटॉपचा पडदा नीट टेकवला, तो चालू होईपर्यंत वाट पाहिली आणि यादी काढली. मोजायची तिला गरज नव्हती, तरी तिनं बोट फिरवून मोजलं.

“सात.”

सात घरांतली माणसं पाहुण्यांना बसवून, कौतुकानं, तिच्या मोडलेल्या लग्नाचा मुहूर्त आपला म्हणून दाखवत होती. मल्हाररावांना त्या सात घरांची कीव आली. मग वाटलं, ती घरं काय वाईट, निदान त्यांना मुहूर्त तरी मिळाला. कीव करायला आता एकच माणूस उरला होता, तो म्हणजे ते स्वतः, आणि त्याची कीव करायची सवय त्यांना नव्हती. त्यांना स्वतःची मनस्वी लाज वाटली.

“हे का केलंस?”

“पाटीवर लिहिलंय ना,” ती म्हणाली. तिच्या आवाजात माया होती की टोमणा, हे त्यांना कळलं नाही. त्यांच्याच वळणाचा आवाज होता तो.

अजिंक्यला काहीतरी बिघडल्याचं जाणवत होतं, पण काय ते समजत नव्हतं. तो वायरी गुंडाळायला लागला.

“काका, मग नेऊ हा परत?”

“ठेव.”

“ठेवू?”

“एकदा सांगितलेलं कळत नाही का? ठेव म्हटलं ना. निपाणीत काय कान टोचताना भोकं बुजवतात?” हे बोलल्यावर त्यांना जरा बरं वाटलं. मग ते चंदनाला म्हणाले, “पण तो तुकडा ह्याच्यात चढवायचा नाही.”

“मग रविवारी काय करायचं? वासुदेवरावांकडचा मुहूर्त सकाळी सात पंचवीसचा आहे.”

मल्हाररावांनी नवा लॅपटॉप मिटला आणि टेबलावर ठेवला. कपाटापाशी जाऊन त्यांनी कॅमेऱ्याची पेटी काढली आणि तिच्यासमोर सरकवली.

“तू धर. मामाला आधीच बाजूला काढ. आणि हात हलला तर बघ.”

चंदनानं पेटीला हात लावला नाही. “आणि लाइट कोण धरणार?”

त्यांनी खुंटीवरची लाइट काढली, वायरची गुंडाळी खांद्यावर टाकली आणि ती इकडून तिकडून फिरवून पाहिली. पंधरा वर्षांत ती त्यांनी दुसऱ्याच्या हातात दिली होती. स्वतःच्या हातात कधी घेतली नव्हती.

“हे कुठं धरायचं असतं?” त्यांनी विचारलं.

“खाली मुठीला धरा, अण्णा,” चंदना म्हणाली. “वरचा पत्रा तापतो.”