मोज्यातून श्वास घेणारी गाडी

"बाबा, तुझ्या गाडीतून निघतो तो काळा धूर ताकदीचा की अपचनाचा?"

हा प्रश्न मी भर शनिवारी सकाळी, बेकरीच्या रांगेत, अर्ध्या गावासमोर विचारला. पैज होती. माझ्या मैत्रिणी कीली आणि ब्रॉन्टी माझ्या मागे उभ्या राहून एकमेकींना चिमटे काढत होत्या. विचारला नसता तर महिनाभर दोघींची खोगिरं मी वाहायची, असं ठरलं होतं.

बाबाने हातातल्या खिम्याच्या पाईवर सॉस ओतणं थांबवलं नाही. "टॅमसिन," तो म्हणाला, "ज्याच्यात दम असतो त्याला तो लपवता येत नाही."

"मग गेल्या वर्षी पेडलर घाटात कुठे लपला होता, डेस?" काउंटरमागून नॉरीन म्हणाली, आणि सगळी रांग हसली.

घाटाचं नाव काढलं की बाबाचे कान लाल होतात. गेल्या वर्षी घोड्यांच्या स्पर्धेला निघालो होतो. मागे ट्रेलरमध्ये माझी घोडी, डँपर, आणि पुढे आमचा डिझेल पिकअप. अर्ध्या चढावर पिकअपने वाफ सोडली आणि बसकण मारली. तेवढ्यात एक पेन्शनर जोडपं गाडीमागे आपला कॅरावॅन, म्हणजे चाकांवरचं घर, ओढत बाजूने वर गेलं. म्हातारीने खिडकीतून टाटा केला. तो टाटा बाबा अजून विसरलेला नाही. आम्ही पोचलो तेव्हा बक्षिसं वाटून झाली होती.

आईने तेव्हाच सांगून टाकलं होतं. "जी घोडी घाट ओलांडत नाही ती म्हणजे जरा उंच मेंढी. पुढच्या वर्षीही अशीच अडकली तर ती घाटापलीकडच्या माझ्या भावाकडे राहील. तिथे तिला निदान कोणी मैदानात तरी उतरवेल." आई ओरडून बोलत नाही, म्हणून ती बोलते ते होतं. आणि स्पर्धा पुढच्याच शनिवारी होती.

"काळजी नको," पाई संपवून बाबा म्हणाला. "या आठवड्यात टर्बोचा स्क्रू दीड फेरा आवळतो. पिकअप घाट ओढणार नाही, गिळेल."

टर्बो म्हणजे काय, तर इंजिनाच्या धुरावरच फिरणारा आणि इंजिनात हवा कोंबणारा पंखा. हवा जास्त तर डिझेल नीट जळतं, ओढ वाढते. पण तो स्क्रू डोळे मिटून आवळला तर इंजिन वितळेपर्यंत तापतं. हे मला माहीत होतं, कारण मिस पावलिच आम्हाला शाळेत इंजिनं शिकवतात आणि त्यांचं एक वाक्य फळ्यावर कायम असतं: आधी नाडी, मग औषध.

सोमवारी त्यांनी मला दोन घड्याळं उसनी दिली. एक टर्बोचा दाब दाखवणारं, दुसरं धुराच्या नळीतली उष्णता. "दाब कमी दिसला म्हणून लगेच स्क्रूला हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "हवा कुठून गळते किंवा कुठे अडते ते आधी बघ. नाक दाबून पळायला लावलंस तर टर्बो जास्तच गरगरेल आणि एक दिवस स्वतःचे तुकडे इंजिनाला खायला घालेल."

"मला घड्याळ लागत नाही," बाबा म्हणाला. "मी कानाने ओळखतो." माझ्याकडे शिकाऊ लायसन्स आहे, गाडीला लावायची पिवळी पाटीही आहे, पण पिकअप माझ्या हातात न देण्याचं कारणही हेच: याला डोळे नाही, कान लागतो म्हणे.

तरी त्याने घड्याळं बसवू दिली. रिकामा ट्रेलर जोडून धान्याच्या कोठारापर्यंतच्या चढावर गेलो. दाब चौदा पौंड हवा होता. काटा नऊवर लोळत पडला. उष्णतेचा काटा मात्र लाल पट्टीकडे धावत सुटला, आणि मागे असा धूर, की कुंपणावरचे कावळे पांढरे वाटावेत.

"बघ, दाब कमी," बाबा खुशीत म्हणाला. "पाना दे."

"आधी नाडी," मी म्हणाले आणि पाना पाठीमागे धरला.

साबणाचं पाणी करून हवेच्या सगळ्या नळ्यांवर फासलं. गळती असती तर बुडबुडे आले असते. एकही आला नाही. फिल्टर काढला, तोही बरा होता. मग मी बॉनेटशेजारून छतापर्यंत गेलेली स्नॉर्कलची नळी बघत वर वर गेले. पुराच्या पाण्यातून जातानाही इंजिनाला श्वास मिळावा म्हणून असते ती. आणि तिच्या तोंडाशी माझी नजर थांबली.

तिथे मोजा होता.

आमच्या गावाला या मोज्याचं काही सांगावं लागत नाही. आमची रग्बीची टीम, बँडिकूट्स, शेवटची फायनल जिंकली त्या दिवशी धुळीचं वादळ होतं, आणि धूळ आत जाऊ नये म्हणून गावाने स्नॉर्कलवर टीमचे पिवळे-तपकिरी मोजे चढवले होते. जिंकल्यावर सगळ्यांनी शपथ घेतली: कप परत येईपर्यंत मोजा उतरणार नाही. बाकीच्यांचे हळूहळू फाटले, उडाले. बाबाचा टिकला. आणि या रविवारी, इतक्या वर्षांनी, बँडिकूट्स पुन्हा फायनलमध्ये होते.

"त्याला हात लावायचा नाही," बाबा म्हणाला. गमतीत नाही.

"बाबा, गाडीला दम नाही, दमा आहे."

"एवढ्याशा कापडाने काय होतं?"

मी घरात जाऊन त्याचा धुतलेला मोजा आणला. "हा तोंडा-नाकावर ओढ. कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत पळत जा आणि ये."

दुसरा कोणी असता तर हसून विषय बदलला असता. माझ्या बाबाने मोजा ओढला आणि पळाला. कोंबड्या आधी घाबरल्या, मग बघत उभ्या राहिल्या. परत आला तेव्हा चेहरा वांग्यासारखा झाला होता.

"काही... होत नाही," तो मोज्यातून म्हणाला.

आई पायरीवर वाटाणे सोलत होती. "थोडं थांब, टॅमी. आता काळा धूर येईल."

"एका मोज्याने मी मेलो का?"

"एका नाही. पण गाडीवर किती आहेत?" आईने वाटाण्याची शेंग त्याच्याकडे रोखली. "दर मोसमाला तुझा एका पायाचा मोजा हरवतो, डेस. इतकी वर्षं मी बिचाऱ्या वॉशिंग मशीनला शिव्या देतेय."

बाबा कोंबड्यांकडे बघू लागला. मग हळूच म्हणाला, "जुना फाटायला लागला की वरून एक चढवायचो. उतरवायचा नाही, अशीच शपथ होती ना."

"शपथ गाडीवरून न उतरवण्याची होती," आई म्हणाली. "नळीवरून, असं कोणी म्हटल्याचं मला आठवत नाही. आणि मी तिथे होते. सँडविच मीच केली होती."

बाबाने हात पँटला पुसले. मग शिडी आणली आणि स्वतःच्या हाताने मोजे उतरवले, कांदा सोलावा तसे, एकेक करून. आतला शेवटचा मोजा कापड राहिलाच नव्हता, लाल मातीची वीट झाली होती. वरचा, सगळ्यात नवा, त्याने धुतला आणि रेडिओच्या एरियलला झेंड्यासारखा बांधला. गाडीवरच राहिला.

पुन्हा चढावर गेलो. काटा चौदावर. लाल पट्टी दूर. मागे बघितलं तर नुसता रस्ता.

"धूर गेला," बाबा म्हणाला, जसं कोणी गाव सोडून गेलं.

आता स्क्रूची पाळी होती, पण माझ्या पद्धतीने. पाव फेरा आवळायचा, ट्रेलरमध्ये गवताचे गठ्ठे भरून चढावर जायचं, दोन्ही काटे बघायचे, परत यायचं. पंधरा. सोळा. सतराला ओढ मस्त लागली, पण उष्णतेचा काटा लालच्या उंबऱ्यावर जाऊन उभा राहिला. मी पाव फेरा मागे घेतला.

"सतराच राहू दे की," बाबा म्हणाला.

"घाट या चढाच्या दसपट आहे, बाबा. इथेच उंबऱ्यावर आला तर तिथे घरात शिरेल."

स्क्रू पुन्हा कोणाच्या कानाला ऐकू येऊ नये म्हणून मी त्यावर ब्रॉन्टीच्या जांभळ्या नेलपॉलिशचा ठिपका दिला. हलला की ठिपका तुटणार. बाबाने ठिपक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पाना पेटीत ठेवला.

शनिवारी डँपरला ट्रेलरमध्ये चढवल्यावर मी दाराची कडी तीनदा तपासली. तिला काय, ती माझ्या वेणीला गवत समजत होती. आई मागच्या सीटवर थर्मास घेऊन बसली आणि घाट सुरू झाल्यावर मामाचं नाव एकदाही काढलं नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मी घड्याळांसमोर बसले होते. दाब सोळा. उष्णता वर सरकत होती, पण बेतानं. गेल्या वर्षीचं वळण आलं, तेच झाड, तोच दगड, आणि देवाशपथ, पुढे तोच कॅरावॅन.

"तीच आहे," बाबा कुजबुजला आणि पाय दाबला. काटा लालकडे उसळला.

"बाबा, गियर खाली घे आणि पाय उचल."

"म्हातारी समोर आहे, टॅमी."

"डँपर मागे आहे."

त्याने पाय उचलला. काटा थबकला, खाली आला. ओव्हरटेकची लेन लागल्यावर आम्ही सावकाश, अगदी सभ्यपणे, कॅरावॅनच्या बाजूने पुढे निघालो. धूर नाही, वाफ नाही, एरियलवर मोजा फडफडतोय. म्हातारीने टाटा केला. बाबाने इतका मोठा टाटा केला की आईला स्टिअरिंगकडे बोट दाखवावं लागलं.

घाटमाथ्यावर थांबलो. डँपर ट्रेलरमधून खिंकाळली. आईने थर्मास उघडला आणि खाली दिसणाऱ्या स्पर्धेच्या मैदानाकडे बघत म्हणाली, "मेंढी बरीच उंच आहे म्हणायची. भावाला कळवते, गवत दुसऱ्या कोणासाठी ठेव म्हणून."

मी खिडकीबाहेर बघत बसले, कारण डोळ्यांत काहीतरी गेलं होतं.

बाबा चहाचा कप घेऊन बॉनेटभोवती फिरत होता. त्याने कान लावला. "ऐक," तो म्हणाला, "गाडी अजून मागतेय. अर्धा फेरा. फक्त अर्धा."

मी खाली उतरले, पेटीतून पिवळी पाटी काढली आणि काचेमागे लावली. मग चावीसाठी हात पुढे केला.

"आई, बाबा, माझं ठरलंय. येताना गाडी मी चालवणार. बाबा शेजारी बसेल, एक डोळा माझ्यावर आणि दुसरा काट्यावर ठेवेल. कान त्याने रेडिओवर उद्याच्या मॅचच्या बातम्यांना लावावेत."