भिंतीवरचा धबधबा

आमच्या स्टुडिओची एक अख्खी भिंत म्हणजे धबधबा आहे. बाबांनी जंगलात जाऊन काढलेला फोटो, भिंतभर मोठा केलेला. त्याच्यापुढच्या स्टुलावर बसून गावातल्या निम्म्या लोकांनी फोटो काढून घेतलेत: लग्न ठरलेल्यांनी, रुसलेल्या पोरांनी, एकदा तर दात पडलेल्या आजोबांनी नवी कवळी दाखवायला. आता त्याला बुरशी लागलीय. पाणी पिवळं पडलंय. परवा एका गिऱ्हाइकानं विचारलं, "चहाचा आहे का?" मग मात्र माझी सटकली. म्हटलं, त्याच जंगलात जायचं, बाबा उभे होते तिथेच उभं राहायचं आणि भिंतीवर ताजा धबधबा आणायचा. बाबा असते तर त्यांनीच केलं असतं, पण ते गेल्याला आता वर्ष होईल.

आईला सांगितलं तर म्हणाली, "मी पण येते."

मी उडालेच. आमची आई स्टुडिओत पाऊल टाकायची नाही. बाबांचा डबासुद्धा दारातूनच आत सरकवायची. घरात दोघांचं भांडण कधी ऐकलं नाही, पण गप्पाही ऐकल्या नाहीत. बाबा विनोद करायचे, आई भाजी निवडत राहायची. तिचा स्वभावच तसा, असं आम्ही समजून चाललो होतो.

"आणि तुझे गुडघे?"

"माझे आहेत ना? मी बघते त्यांचं."

पायवाट ओली, निसरडी. झाडं इतकी दाट की भर सकाळी तिन्हीसांज झाल्यासारखं वाटत होतं. ट्रायपॉड माझ्या खांद्याला रुतत होता, मोज्यांत जळवा शिरत होत्या आणि सोबतचा वाटाड्या "आलंच, आलंच" म्हणत आम्हाला चालवत होता. आई मात्र पुढे. काठी टेकत, एकदाही न थांबता.

धबधबा समोर आला आणि मी मोबाइलमध्ये भिंतीचा फोटो उघडला. फोटोत पाण्याची जाड धार डावीकडे, बारीक धार उजवीकडे. खाली उजव्या कोपऱ्यात मोठा काळा खडक आणि खडकाला उजवा हात टेकून पाठमोरी उभी असलेली छत्रीवाली बाई. घरी जेवताना बाबा म्हणायचे, "भिंतीवरची ती बाई कोण ते ओळखा." आम्ही 'आई' म्हणून ओरडायचो आणि आई उठून स्वयंपाकघरात जायची.

इथे जाड धार उजवीकडे होती. खडक डावीकडे.

मी पाण्यातून पलीकडे गेले. तिथून तर खडकच दिसेना. परत आले. वर चढले, घसरले, गुडघा फोडून घेतला. बाबांचा फोटो चुकला असेल हे मनातसुद्धा आलं नाही. चुकलं असेल तर जंगल!

"इथे दुसरा धबधबा आहे का हो?" मी वाटाड्याला विचारलं.

"एकच आहे, ताई."

"मग खडक इकडे कसा आला?"

"धबधबा काय कपाट आहे का, हलवायला?" असं म्हणून तो झाडाखाली बिडी ओढायला गेला.

माझ्या डोक्याचा पार भुगा झाला होता. आई मात्र सरळ खडकापाशी गेली, डावा हात त्यावर टेकला आणि पाण्याकडे बघत उभी राहिली.

"इथेच उभी होते मी," ती म्हणाली. "लग्नाच्या पहिल्या वर्षी. उजवा हात वाटेत मुरगळला होता. छत्री कशीबशी पोटाशी धरली होती."

"म्हणजे फोटोत तूच आहेस की!"

"नाही." आई वळली नाही. "आमचा रोल भिजून खराब झाला, असं ते म्हणाले होते. आणि चार महिन्यांनी भिंतीवर हे आलं. त्या बाईचा उजवा हात बघ. चांगला धडधाकट आहे. कुणाला तरी घेऊन परत आले होते इथे. माझी छत्रीसुद्धा दिली तिला."

मला हसावं की रडावं कळेना. बाबा? आमचे बाबा? मी तिच्या पाठीकडे बघत राहिले. हातांना दुसरं काही सुचेना म्हणून तिचा तसाच एक फोटो काढला आणि कॅमेरा मोबाइलशेजारी धरला. तोच वाकलेला खांदा. तीच मान. फक्त सगळं दुसऱ्या बाजूला.

पासपोर्टचा फोटो हातात घेऊन रोज कुणीतरी माझ्याशी भांडतं: "हा मी नाहीच, माझा भांग या बाजूला असतो." आरशात बघून तशी सवय झालेली असते. ते आठवलं. मोबाइलमधला भिंतीचा फोटो मी आरशातल्यासारखा उलटा केला. जाड धार उजवीकडे गेली. खडक डावीकडे आला. बाईचा डावा हात खडकावर, उजवा पोटाशी.

"आई, निगेटिव्ह उलटी लावलीय त्यांनी."

"म्हणजे?"

"स्टुडिओची खिडकी डावीकडे आहे ना? गिऱ्हाइकाच्या तोंडावर उजेड डावीकडून येतो. इथे तो उजवीकडून पडतो. दोन बाजूंनी उजेड आला की माणूस चिकटवल्यासारखा दिसतो, असं बाबांनीच मला शिकवलंय. म्हणून त्यांनी धबधबाच फिरवला. रोलमधला एवढाच फोटो वाचला असणार. ही तूच आहेस."

आईनं मोबाइल घेतला. "आधीसारखा कर." मी केला. "आता पुन्हा." असं कितीतरी वेळा. तिच्या चेहऱ्यावर आनंद येईल म्हणून मी वाट बघत होते, पण तो आला नाही. उलट घरात चुकीच्या खोलीत शिरल्यासारखी ती बघत राहिली.

"तू विचारलं का नाहीस त्यांना?"

"हो म्हणाले असते तर?"



ती हळूहळू खाली बसली. "भिंत तयार झाली तेव्हा मला बघायला नेलं होतं. डोळे मिटायला लावले. उघडले तर हे. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हटलं, घरी दूध तापत ठेवलंय, आणि निघून आले." तिचा आवाज फुटला. "त्यांनी मला भिंतीवर लावलं गं, आणि मी त्यांच्याशी बोलणं टाकलं."

मी तिला जवळ घेतलं. ती पाण्यानं भिजली होती, तरी अंग तापलेलं लागत होतं.

"मी का तुटले, ते कळलं असेल का त्यांना कधी?"

"माहीत नाही, आई," मी म्हटलं. मला खरंच माहीत नव्हतं.