गोणपाटाखाली चार्जिंगला

हे मी लिहिणारच नव्हतो, मित्रांनो. चांगदेवभाऊ वाईट नाहीत, उगाच त्यांचं नाव गावभर होईल, म्हणून गप्प होतो. पण माझ्या दोस्तावर आळ आला. मग म्हटलं, लिहून टाकू.

मी एक जुना, आता जळून काळा झालेला लिथियम बॅटरी पॅक आहे. निरगुडसरला चांगदेवभाऊंच्या फवारणी पंपात राहायचो. माझ्या आत चपटे सेल होते आणि एक छोटा बोर्ड. सेल रिकामे होत आले की बोर्ड मला बंद करायचा. जास्त भरायला लागले की चार्जिंग तोडायचा. माझ्याच खोक्यातून आलेला चार्जर, तो माझा दोस्त. सावकाश भरायचा, भरलं की हिरवा दिवा लावायचा.

सुरुवातीला लई कौतुक झालं. "दांडा मारायची कटकट गेली राव," भाऊ ज्याला त्याला सांगायचे. पण मला पार संपेस्तोवर चालवायचे. टोमॅटोची अर्धी सरी राहिली की मी बंद. शेवटी चिडून आळेफाट्याला नवाबच्या दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेले.

"ह्यो बोर्ड काढ. मधीच बंद पाडतोय."

"भाऊ, बोर्ड काढला तर ह्याला थांबवणारं कोण ऱ्हाणार नाय."

"तुला नवा पॅक खपवायचाय, दुसरं काय."

"खपवायचा असता तर बोर्ड लगेच काढला असता की, मग ह्यो लवकर बाद झाला असता," नवाब हसला. पण बोर्डाला हात लावला नाही.

भाऊंनी घरी येऊन मोबाईलवर बघितलं आणि बोर्ड सोडून वायर सरळ सेलला जोडली. माझा चार्जर खिळ्याला टांगला. "ह्यो लई येळ खातो." जुन्या पंपाच्या ॲसिड बॅटरीचा चार्जर होता, त्याची पिन मला बसली. पिन बसली, पण त्याचा व्होल्टेज मला जास्त होता.

त्या दिवशी भर उन्हात फवारणी झाली. मी तापलेलाच होतो. भाऊंनी मला गोठ्यात, विहिरीच्या मोटारीच्या स्विचबोर्डाखाली कडब्यावर ठेवलं. मोटारीला ऑटो स्विच आहे, शेतीची लाईट आली की मोटार आपोआप सुरू होते. तिथंच चार्जर खोचून ठेवला. लाईट कधी येईल नेम नसतो, म्हणून आमच्याकडं सगळे असंच करतात. धूळ बसू नये म्हणून वरून गोणपाट टाकलं आणि भाऊ मंचरला गेले.

गोठ्यात गाय बांधलेली. तिला कळा सुटल्या होत्या. चांगदेवभाऊंच्या घरच्या, सारजाबाई, तिच्यापाशी बसल्या होत्या.

लाईट आली. मोटार घुमली. मी भरत गेलो. पूर्ण भरलो, तरी भरतच होतो. थांबवणारं कोणी नव्हतं. सेल फुगायला लागले. खाली कडबा, वर गोणपाट, गरमी जाईल कुठं. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. मला फक्त वास सोडता येतो.

गोडसर, उग्र वास. सारजाबाईंनी नाक वर केलं. "औषध सांडलं का काय ह्या माणसानं," म्हणाल्या आणि परत गाईच्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. त्या गोठ्यात औषधाचा वास रोजचाच. तिथं मी घाबरलो.

तेवढ्यात गाईनं दावं ताणलं. मागं मागं सरायला लागली, डोळे गोणपाटावर. सारजाबाईंनी वळून बघितलं. धुराची रेघ निघत होती.

त्यांनी मला हात लावला नाही. आधी मेन स्विच पाडला. मग लांब दांड्याच्या दाताळ्यानं ओढत मला बाहेर मुरमावर काढलं, गाय सोडून लांब नेली. मी तिथं फाटकन फुटलो. जाळ झाला. गोठ्यात एक पेंढी काळी पडली, तेवढंच. वासरू बाभळीखाली झालं.

संध्याकाळी भाऊ शेजाऱ्यांना सांगत होते, "कंपनीचा चार्जरच फालतू निघाला."

"त्यो खिळ्यालाच व्हता," सारजाबाई म्हणाल्या. "तुमी लावलाच कवा?"

पण गावात बोलणं चार्जरचंच राहिलं.

आता मी नवाबच्या दुकानात वाळूच्या बादलीत आहे. भंगारात टाकायचं नसतं आम्हाला, वेगळं जमा करतात. मित्रांनो, बॅटरी तापली असेल तर आधी गार होऊ द्या. तिच्याच चार्जरनं, उघड्या फरशीवर, माणूस समोर असताना भरा. पार संपवू नका. फुगलेली तर परत लावूच नका.

माझा चार्जरही माझ्याबरोबर इथं आला, काउंटरवर आहे. भाऊ ह्याच चार्जरवर चालणारा नवा पॅक घ्यायला येणार आहेत. "नवा पॅक बी मला फालतूच म्हणंल का रं?" त्यानं विचारलं.

"नाय म्हणणार," मी म्हणालो. "नवा पॅक इथं आला की आधी माझं फुटलेलं पोट दाखवतो त्याला. मग सांगतो, ह्याचा हिरवा दिवा लागला की थांबायचं. ह्यो आडवत नाय, राखतो. शब्द देतो तुला."