पासष्टचा जावई सत्तरात

आमच्या घरातलं मीठ बंद झालं तेव्हाच मी म्हटलं होतं, हा खेळ माणसांचा नाही. उकडलेली अंडी, उकडलेली कोंबडी, उकडलेले हरभरे. घर फोडणीच्या वासाला पारखं झालं होतं. शेजारची बायडाबाई एकदा डोकावून म्हणाली, "सुकन्या, घरात कुनी आजारी हाय का गं?" मी म्हटलं, "हाय की. नवऱ्याला बॉडीचं खूळ लागलंय."

खूळ म्हणते तेही लाडानंच. आमचे हे, जीवन, पाटोद्याजवळच्या माळावर शेरडं-मेंढरं राखतात. दिवसभर कळपामागं चढ-उतार, आणि दिवस मावळला की तडक कय्युमभाईंच्या तालमीत. कय्युमभाई ट्रॅक्टर दुरुस्त करतात. गॅरेजच्या मागं पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी वजनं मांडलीत, त्यातली निम्मी ट्रॅक्टरच्या जुन्या लोखंडाची. लग्नात हे अगदी काडी पहिलवान होते. आता दारातून आत आले की उजेड अडतो. मला आवडतं ते, सांगायला लाज कसली?

माझ्या वडिलांना मात्र ते बघवत नव्हतं. मोहनराव त्यांचं नाव, कडा गावात आमची शेती. त्यांच्या गल्लीतल्या एका पोरानं शरीर फुगवायला सुया टोचून घेतल्या आणि मूत्रपिंडं घालवून बसला. तेव्हापासून वडिलांच्या मनात पक्कं बसलं, जावयाचंही अंग सुईचंच. तोंडावर कधी म्हणाले नाहीत. जावयाला तोंडावर कोण म्हणतं? पण फोनवर दर वेळी मला विचारायचे, "पाव्हण्यांची तब्येत बरी हाय ना? डागदरला दाखवलं का?" मी चिडायचे. हे शेजारी बसून सगळं ऐकायचे. तेच मला जास्त लागायचं.

म्हणून नॅचरल बॉडी बिल्डिंगची स्पर्धा कड्यातच ठरली तेव्हा ह्यांनी चंग बांधला. नॅचरल म्हणजे सुया-गोळ्यांशिवाय कमावलेलं शरीर. पहिल्या तिघांत जो येईल त्याची लघवी तिथल्या तिथं घेऊन तपासायला पाठवतात. "मामांच्या डोळ्यांदेखत पयल्या तिघांत यायचं आन् तपासनीला बसायचं," हे म्हणाले. "मग मामांनी काय समजायचं ते समजावं."

या खेळात सगळ्यांना एका रांगेत उभं करत नाहीत. आधी वजनकाटा. पंचावन्न, साठ, पासष्ट, सत्तर असे किलोचे गट. नवख्यांचा गट वेगळा, चाळिशी ओलांडलेल्यांचा वेगळा. काटा गटाच्या पुढं गेला की वरच्या गटात जायचं आणि आपल्याहून थोराड गड्यांशी गाठ घालायची. ह्यांचं वजन बरोब्बर पासष्टच्या काठावर. म्हणून तर मीठ बंद आणि पाणी घोटभर. कय्युमभाईंनी बजावून ठेवलं होतं, "पासष्टात तू दादा, सत्तरात तू बच्चा."

एवढा सगळा हिशोब केला, पण महिना धोंड्याचा आहे हे एकाही शहाण्याच्या लक्षात आलं नाही.

अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येतो. जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचं, कपडे करायचे. आमच्या लग्नानंतरचा हा पहिलाच धोंडा. जावई गावात येणार आणि धोंडे न खाता परत जाणार? माझ्या आईनं, भामाबाईनं, पुरणाची डाळ शिजायला घातली तेव्हा कय्युमभाईंना कोण विचारतो!

वजन दुपारी बाराला, स्पर्धा चारला. आम्ही सकाळीच जीपनं कड्यात उतरलो. कय्युमभाई थेट स्पर्धेच्या मंगल कार्यालयाकडं गेले, जाताना ह्यांना दम देऊन गेले, "सासुरवाडीत फक्त नमस्कार. चहा बी न्हाई."

घरात पाऊल टाकलं तर पाट मांडलेला, भोवती रांगोळी. ताटात धोंडे, त्यावर तुपाची धार, कटाची आमटी, भात, कुरडया. आईनं ह्यांचे पाय धुतले. मी तिला बाजूला ओढलं. "माय, बारा वाजता वजन हाय ह्यांचं. सांजच्याला जेवतील."

"सांजच्याला?" आई म्हणाली. "लगीन झाल्यापासनं मी ह्या ताटाची वाट बघायले. तुझा काटा घडीभर थांबंना व्हय?"

तेवढ्यात वडिलांनी जावयासाठी शिवलेला नवा सदरा पुढं केला. शिंप्याकडं लग्नातलं माप होतं, त्याच मापानं शिवलेला. ह्यांनी घालून बघितला. हात कसेबसे शिरले, पण सदरा पाठीत अडकला, आणि समोरची बटणं काजांच्या वाऱ्यालाही उभी राहिनात. वडिलांनी सदरा परत घेतला, घडी घातली आणि ह्यांच्याकडं न बघता म्हणाले, "इतकं अंग इतक्या लवकर घरच्या खान्यानं वाढत न्हाई, पाव्हणं."

झालं. इतके दिवस फोनवर आडून आडून चाललं होतं ते उघड बोलून झालं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तोंड उघडणार तोच हे पाटावर बसले आणि म्हणाले, "मामी, वाढा."

मी डोळे वटारले. ताटाला हात लावला की पासष्टचा गट गेला, हे ह्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी धोंडा फोडला, तुपात बुडवला, खाल्ला. मग दुसरा. मग आईच्या आग्रहाला हद्दच राहिली नाही. आमटी तर पुन्हा पुन्हा मागून घेतली. इतक्या दिवसांनी जिभेला मीठ लागलं तसं ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आईला वाटलं आमटी तिखट झाली. वडील खुर्चीत बसून नुसते बघत होते.

कार्यालयाकडं जाताना वडील ह्यांची पिशवी घेऊन पुढं चालत होते. मी मागं हळू आवाजात ह्यांना झापलं, "कावून खाल्लं? सगळ्या मेहनतीचं मातेरं केलंत."

"मामीनं पाय धुतले माझे," हे म्हणाले. "ताट सारून उठलो असतो तर तिला काय वाटलं असतं? काट्यासाठी मानसाचं मन मोडायचं का?"

यावर मी आणखी चिडले.

काटा पासष्टवर थांबला नाही. आठशे ग्रॅम पुढं जाऊन थांबला. कय्युमभाईंनी कपाळावर हात मारला. "क्या खाया बे?"

"धोंडे."

"कितने?"

"मामीनं मोजू दिले न्हाईत."

कय्युमभाईंचा आवाज चढला. वजन उतरवायला थोडा वेळ देतात म्हणे. "स्वेटर घाल, उन्हात पळ, थुंक, ओकून टाक, काय बी कर! आठशे ग्रॅम उतरव!"

वडील पिशवी घेऊन दारातच उभे होते. हे शांतपणे म्हणाले, "वस्ताद, सासूनं दिलेलं वाण हाय. ओकून टाकायचं न्हाई. सत्तरात लिवा."

कय्युमभाईंनी सुस्कारा टाकून ह्यांचं नाव सत्तरात लिहवलं. चार वाजायला आले तेव्हा ते, मंचावर स्नायू उठून दिसावेत म्हणून, ह्यांच्या अंगाला तपकिरी रंग लावायला आत गेले आणि थोड्या वेळानं चेहरा उजळून बाहेर आले. "भाभी, कमाल झाली. उपाशी अंगाला गूळ-डाळ मिळाली, सगळी ओढून घेतली त्यानं. दंड टरारून भरलेत, शिरा वर आल्यात. आन् ते पासष्टवाले बघा, सुकलेल्या भेंड्या!" दुपारी ज्यानं शिव्या घातल्या तोच माणूस आता माझ्या आईच्या पुरणाचे गोडवे गात होता.

सत्तरच्या गटात आमचे हे सगळ्यांत बारके दिसत होते. मधोमध केजचा परमेश्वर, मोठा दांडगा गडी. हे अगदी कडेला. कय्युमभाई वडिलांच्या शेजारी बसून समजावत होते, आणि वडील ऐकत नसल्यासारखं दाखवत सगळं ऐकत होते. पंच पाच. ते नुसता आकार बघत नाहीत. वरचं अंग आणि खालचं अंग एकमेकांना शोभतं का, कातडीखालचा स्नायू न् स्नायू सुटा दिसतो का, तेही बघतात. सगळ्यांना समोरून, बाजूनं, पाठमोरं उभं करतात. मग काहींना मध्ये बोलावून शेजारी-शेजारी ताडतात. मध्ये बोलावलं तो शर्यतीत आहे, कडेला पाठवला त्याचं बहुतेक आटोपलं. प्रत्येक पंच नंबर लावतो, सगळ्यांत चांगला आणि सगळ्यांत वाईट नंबर सोडून देतात, उरलेल्यांची बेरीज ज्याची कमी तो पहिला.

पंचांनी नावं पुकारली आणि कडेचे आमचे हे एक जागा आत सरकले. पुन्हा पुकारा झाला, आणखी आत. शेवटी परमेश्वरच्या शेजारी आले. दोन्ही दंड वर, मग पोट आणि मांडी. पंचांनी पाठमोरं व्हायला सांगून पिंढऱ्या आवळायला लावल्या, तेव्हा सभागृहात कुणीतरी शिट्टी मारली. रांगेत तशा पिंढऱ्या दुसऱ्या कुणाच्याच नव्हत्या.

वडील पुढं झुकले. स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "ह्या पिंढऱ्या चढावर हिंडल्याबिगर येत न्हाईत."

मी ऐकलं. मनात फुगडी घातली.

निकाल लागला. पहिला परमेश्वर, दुसरे आमचे. मी काय ऐकून घेणार? ताडकन उठून पंचांच्या टेबलाशी गेले. "दुसरा कावून?"

पंच हसले. "ताई, तुमचे मालक समोरून आणि कमरेखाली पहिलेच होते. पाठ वळवली की परमेश्वरची रुंदी भारी पडली. आमच्यातल्या तिघांनी त्याला पहिला दिला, दोघांनी ह्यांना. पुढच्या वेळी पाठ कमवा म्हणावं."

कय्युमभाईंनी मला हाताला धरून खुर्चीत आणून बसवलं.

मग तपासणी. परमेश्वर आणि तिसरा गडी लगेच मोकळे झाले. ह्यांना मात्र येईना. अंगात होतं नव्हतं ते पाणी मंचावर घामानं गेलेलं. तपासणीवाला डबी घेऊन शेजारी बसलेला, हे लाजेनं मान खाली घालून. वडिलांनी तांब्याभर पाणी आणलं तर तपासणीवाला म्हणाला, सीलबंद बाटलीच चालेल. वडील तसेच दुकानाकडं गेले आणि दोन्ही काखांत बाटल्या मारून आले. स्वतः झाकण फोडून ह्यांच्या हातात दिली. "प्या. निवांत प्या. घाई न्हाई."

अखेर काम झालं. अहवाल यायला काही दिवस लागतील, असं तपासणीवाला सांगून गेला. कार्यालयातल्या खुर्च्या आवरणं चाललं होतं. हे अजून उघड्या अंगानं उभे, गळ्यात पदक. मी मुद्दाम वडिलांना ऐकू जाईल असं म्हटलं, "अहवाल आला की कळवीन तुमाला, आबा."

"ते कागद त्या लोकांना लागतेत," वडील म्हणाले. त्यांनी पिशवीतून सकाळचा सदरा काढला. मला माहीतही नव्हतं की त्यांनी तो सोबत घेतलाय. "पाव्हणं, जरा पाठ करा."

हे वळले. वडिलांनी सदरा खांद्यावर टाकला, हात पसरला आणि ह्यांच्या पाठीवर या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत वीत टाकली. एक वीत, दुसरी वीत, वर बोटं. लग्नात हार घालताना सोडलं तर वडिलांचा हात ह्यांच्या अंगाला कधी लागला नव्हता. वडिलांचा तळवा तपकिरी रंगानं माखला, तो त्यांनी बिनदिक्कत धोतराला पुसला.

"शिंप्याला सांगतो," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "अजून वाढनार हाय का अंग?"

"पाठ वाढवायची हाय, मामा. पंच म्हनले."

"मग शिवणीत कापड जास्तीचं ठिवायला सांगतो," वडील म्हणाले, आणि सदऱ्याची घडी घालायला लागले.