म्हशीचं नाव

मी चौथी पास, तीही मास्तरांच्या कृपेने. पण नात ऋता कॉलेजात जे शिकते ना, ते मीच तिला एका दुपारी समजावून दिलं.

नातवाच्या, मिहिरच्या, लग्नाला आठ दिवस उरले होते. मी खिडकीशी बसून त्या लग्नाचे तांदूळ निवडत होते. होणारी नातसून श्रुतिका साफ म्हणाली होती, "आजी, मी नाव बदलणार नाही." मीही तितकीच साफ. "आमच्यात नवऱ्याने ताटातल्या तांदळात बायकोचं नवीन नाव लिहायचं. तुझ्यासाठी रीत मोडणार नाही." त्यावर मिहिर उखडला. "संध्याकाळपर्यंत काय ते सांग. नाहीतर आम्ही कोर्टात लग्न करतो नि वेगळे राहतो."

आणि ही ऋता टीव्हीवर जपानी कार्टून लावून बसलेली.

"घोडी झालीस, कार्टून कसली बघतेस?"

"अ‍ॅनिमे म्हणतात गं आजी. लव्हस्टोरी आहे. पहिलाच भाग एवढा भारी का वाटतो, ते वर्गात सांगायचंय. बघ ना!"

बघितला. खालची इंग्रजी अक्षरं ती वाचून दाखवत होती. शाळा, पोरंपोरी. सगळे एका मुलीला आडनावाने हाका मारतात. तिकडे म्हणे नुसतं नाव घरचेच घेतात. वर्गात आलेल्या नव्या पोराला फळ्यावर लिहिलेलं तिचं नाव वाचताच येत नाही; त्यांचं एकच अक्षर म्हणे चार तऱ्हांनी वाचतात. शेवटी जिन्यात तो तिला विचारतो, "तुझं नाव वाचायचं कसं?" ती सांगते. तो एकदा उच्चारतो. संपला भाग.

"मी लिहिलंय, चित्रं झकास आहेत म्हणून," ऋता म्हणाली.

"खोड ते. अगं, त्या पोरीला तिच्या नावाने कुणीच हाक मारत नाही, हे आपल्याला आधी खटकतही नाही. ताट समोर आल्यावर भूक कळते, तसं झालं बघ. त्याने नाव घेतलं नि तेव्हा कळलं, ही किती दिवसांची उपाशी होती."

ऋताने लगेच खोडलं. "आजी, तुला कसं गं कळलं?"

मला कसं कळणार नाही? माहेरी मी चंपा. लग्नात सासूने तोंड वाकडं केलं, "चंपा तर आमच्या म्हशीचं नाव गो!" माझी प्रेमा झाली. गावच्या गोठ्यात सासू म्हशीला हाक मारायची, नि मी वळून बघायची. सगळं घर हसायचं. हे पण हसायचे. चाळीस वर्षं संसार केला, पण ना चंपा म्हणाले, ना प्रेमा. कायम 'गो, ऐकलंस?'

सूनबाई, मिहिरची आई, ओट्यापाशी उभी राहून सगळं ऐकत होती. म्हणाली, "एवढं कळतं ना आई तुम्हाला? मग माझ्या वेळी कुठे गेलं होतं?"

आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर मी बरोबर उत्तर दिलं असतं. तिचं नाव सपना. 'सिनेमातलं नाव आमच्या घरात नको' म्हणून मीच तिची जान्हवी केली. तीस वर्षं झाली.

मी मिहिरला फोन लावला. "श्रुतिकाच लिही. अक्षर तरी धड काढ." पुढचं ऐकायला थांबले नाही, ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई गॅलरीत कपडे वाळत घालत होती. मी पाठीमागून हाक मारली, "सपना."

ती चादर झटकत राहिली.

"सपना, चहा घेतेस?"

मला वाटलं, मुद्दाम करते. बरोबरच आहे तिचं. पुढे जाऊन तोंड बघितलं. राग कसला नव्हताच. शेजारच्या घरात कुणीतरी कुणालातरी बोलावतंय, तशी निवांत चिमटे लावत होती.

माझी म्हैस तरी गोठ्यात होती. रोज कुणीतरी तिला हाक मारायचं, म्हणून माझी मान वळायची. हिच्यासाठी मी तेवढंही ठेवलं नव्हतं.

"जान्हवी," मी म्हटलं.

"आले, आई," ती म्हणाली.