कानसेनचा तळहात

"आवाज आहे हो, पण त्यात जीव नाही!" टॅक्सीवाल्याने गाडी दुकानाच्या तोंडाशीच आडवी लावली आणि उतरता उतरता कैफियत मांडली. "जुना स्टिरिओ खरखर करायचा, पण गाणं गाण्यासारखं वाटायचं. हा नवा कोरा बसवल्यापासून बेस गायब! गाणारा पुढे बसलाय की डिकीत, काही पत्ता लागत नाही."

कानसेनने समजल्यासारखी मान डोलावली. खरं तर त्यातलं निम्मंच त्याच्यापर्यंत पोचलं होतं.

मागच्या बाजूला सीट कव्हरं शिवत बसलेल्या त्याच्या बायकोचं शिलाई मशीन थांबलं. मान वळवून तिने खणखणीत आवाजात विचारलं, "म्हणजे बेस लागत नाहीये आणि आवाज विस्कटल्यासारखा वाटतोय, हो ना?" ही तिची खोडच होती. गिऱ्हाइकाचं वाक्य ती नेहमी स्वतःच्या तोंडाने पुन्हा म्हणायची. कानसेन त्यावरून तिला चिडवायचाही, "पगारी दुभाषी ठेवलीय मी."

कानसेन हे नाव त्याला टॅक्सी स्टँडने दिलं होतं. रस्त्याने जाणाऱ्या गाडीचा कोणता स्पीकर फाटलाय, हे तो एके काळी हातातला चहा खाली न ठेवता सांगायचा. पुढे कानांनी हळूहळू दगा दिला, नाव मात्र तेच राहिलं. आता ते सांभाळता सांभाळता त्याच्या नाकीनऊ येत. बोलणाऱ्याच्या ओठांवरून तो बोलणं ताडायचा आणि स्पीकर तळहाताने तपासायचा. आवाज एका बाजूला वळवायचा, दाराच्या जाळीवर हात ठेवायचा, थरथर नीट लागली की दुसरं दार. नवा स्टिरिओ बसवल्यावर ही गाडीही त्याने तशीच तपासून दिली होती आणि दोन्ही दारं चोख निघाली होती.

आजही ती चोखच निघाली. त्याने जोडण्या ओढून पाहिल्या, स्टिरिओ बाहेर काढून पुन्हा बसवला, बेसचं बटण खालीवर केलं. कुठे काही ढिलं नव्हतं.

"अहो, हात काय लावत बसलात? आत बसा आणि ऐका की!" टॅक्सीवाला वैतागला. "स्टँडवर मी तुमच्या कानांच्या शपथा घेतो. उद्या तिथे काय तोंड दाखवू?"

कानसेन आत बसला. गाणं सुरू झालं. भिंतीपलीकडे कुणी पुटपुटावं, एवढंच त्याला कळलं. सुटायला वाट होती, आणि सोपी होती. 'स्पीकर गेलेत, बदलावे लागतील,' एवढं म्हटलं की काम झालं असतं. कानसेनचा शब्द म्हणून टॅक्सीवाल्याने तो डोळे मिटून मानलाही असता. पण ते स्पीकर त्यानेच पारखून बसवले होते आणि चांगले होते. चांगल्या मालाला खोटी नावं ठेवणं त्याच्याच्याने होईना.

तो खाली उतरला.

"मला नाही ऐकू येत," तो म्हणाला.

"म्हणजे? दोष सापडत नाही?"

"कानच गेलेत माझे. बरीच वर्षं झाली." हे बोलताना त्याने मान खाली घातली नाही. कानसेनने मागे हात केला. "अगं, इकडे ये जरा. तू बस आत."

गळ्यातली मापाची टेप तशीच ठेवून ती येऊन बसली. त्याने आवाज डावीकडे वळवला.

"झकास," ती म्हणाली.

उजवीकडे वळवला. "हाही भरदार आहे."

मग दोन्ही चालू केले, तशी तिने तोंड वेडंवाकडं केलं. "अगंबाई, हे काय! एकेकटे किती शहाणे, आणि एकत्र बसवले की एकमेकांचं बोलणं खोडून काढतात. आपलं जेवताना होतं तसं!"

टॅक्सीवाला खो खो हसला. कानसेन हसला नाही. त्याची नजर तिच्या ओठांवर होती.

"खोडून काढतात," तो म्हणाला. "तार उलटी लागलीय!"

एका स्पीकरचा पडदा बाहेर ढकलत होता तेव्हाच दुसऱ्याचा आत ओढत होता, आणि दोघांच्या ओढाताणीत बेस मरत होता. एकेकटा वाजवला तर हे कळायचं नाही, आणि तळहाताला तर कधीच नाही. त्याने उजव्या दाराचं आवरण उतरवलं. जुन्या तारांचे रंग विटून दोन्ही सारख्याच राखाडी झाल्या होत्या. त्याने त्यांना पेन्सिल सेल टेकवला. सेलच्या झटक्याने पडदा बाहेर यायला हवा होता, तो आत गेला.

"ही बघा माझी चूक," म्हणत त्याने टॅक्सीवाल्याला दिसावं म्हणून सेल पुन्हा टेकवला. मग तारांची अदलाबदल केली आणि स्टिरिओ लावला.

या वेळी त्याने दाराला हात लावला नाही. तो काचेतून बायकोच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. तिच्या भुवया उंचावल्या, मग डोळे मिटले, आणि कुणाला न विचारता तिने आवाज वाढवला. कानसेनचा ऊर भरून आला. असं बिनचूक काम आपल्या हातून पुन्हा होईल, असं त्याला वाटलं नव्हतं.

"वा! हे गाणं!" टॅक्सीवाला ओरडला. "पण आता स्टँडवर सांगू काय?"

"झालं ते सांगा. बसवतो मी, ऐकते ही." कानसेनने हे असं म्हटलं, जणू दुकानाची पाटीच वाचतोय.

टॅक्सी गेल्यावर त्याने विचारलं, "माझ्या कानांचं तुला कधीपासून माहीत होतं?"

ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि सावकाश, स्पष्ट म्हणाली, "मग गिऱ्हाइकांचं बोलणं मी कुणासाठी पुन्हा म्हणत होते? मला काय हौस होती?"

इतकी वर्षं दोघं पाठीला पाठ लावून काम करत होती. त्याने तिचं शिलाई मशीन उचललं आणि फिरवून आपल्या टेबलाकडे तोंड करून ठेवलं.

"अहो, इथे उजेड कुठे आहे?" ती म्हणाली.

त्याने आपल्या टेबलावरचा दिवा तिच्या मशीनवर नेऊन ठेवला. त्याचा उजेड थोडा सुईवर पडला, थोडा तिच्या ओठांवर.