बारा आऱ्यांचा बुद्ध

मी एक जुनी लाकडी बुद्धमूर्ती आहे. किती जुनी, यावरून गेल्या आठवड्यात जे घडले त्याचा धक्का मी अजून पचवते आहे. मित्रांनो, लाकडाला काही वाटत नाही असे तुम्हांला कोणी सांगितले असेल तर ते साफ खोटे आहे.

मारेगावजवळच्या एका खेड्यात पन्नासेक वर्षांपूर्वी मी घडले. मला घडवणारा गोविंदा काही मूर्तिकार नव्हता. तो बैलबंडीची चाके करायचा. गावातल्या बौद्ध मंडळींनी छोटे विहार बांधले, पण आत ठेवायला मूर्ती नव्हती. गोविंदाने एका पडक्या घराची सागवानी तुळई मागून आणली, समोर भिंतीवर कॅलेंडरवरचे बुद्धाचे चित्र टांगले आणि कामाला बसला. माझे नाक जरा जाड झाले, कान मात्र फार सुंदर झाले. डोक्यामागे चक्र कोरायची वेळ आली तेव्हा त्याने चित्राकडे पाहिलेच नाही. चाक म्हटले की त्याचे हात आपोआप चालत. त्याने बारा आरे कोरले आणि हात झटकले.

त्याची बायको सत्यभामा मला जवसाचे तेल चोळायची. पौर्णिमेला माझ्यापुढे मेणबत्त्या लागत, वंदना होई, लहान मुले पेंगत. मेणबत्त्यांच्या धुराने मी काळी पडत गेले आणि मला त्याचे काहीच वाटले नाही. ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढे गोविंदा गेला. काही वर्षांनी विहारात मोठी, चकचकीत, सोनेरी मूर्ती आली. ती येणार म्हणून साफसफाई निघाली. सत्यभामा तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे गेली होती. फुटक्या बादल्या, गंजलेला पंखा आणि मी, अशी आमची रवानगी भंगारवाल्याच्या हातगाडीत झाली. मी हबकून गेले! ज्यांनी माझ्यापुढे गुडघे टेकले, त्यांनीच मला पंख्याच्या पात्याखाली खुपसले होते. त्यांच्या मनात पाप नव्हते. नवे आले की जुने अडचण वाटते, एवढेच.

भंगाराच्या दुकानातून मला उमरखेडच्या सदाशिवरावांनी उचलले. हे शेतीवाडी असलेले गृहस्थ. पुरातन लाकडी बुद्धमूर्ती जमवण्याचा त्यांना भारी नाद. त्यांच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात आधीच अठरा जणी बसल्या होत्या. मी एकोणिसावी. ते मला मऊ ब्रशने पुसत, वाळवी लागू नये म्हणून कोपरे तपासत. पण एके दिवशी त्यांनी भिंग लावून माझे लाकूड पाहिले, डोक्यामागचे आरे मोजले आणि आनंदाने ओरडलेच. दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे पाटी लागली : ‘वय तीनशे वर्षे. बारा आऱ्यांची दुर्मीळ शैली.’

तुळई जुनी होती, हे खरे, पण मी? तरी खोटे कशाला बोलू, हळूहळू मला ते आवडू लागले. लोक माझ्यासमोर उभे राहून फोटो काढत. बाकीच्या अठरा जणींपेक्षा मी ताठ बसू लागले.

असाच एक फोटो मोबाइलवरून फिरत फिरत सत्यभामेच्या नातीपर्यंत, अर्पितापर्यंत पोचला. गेल्या रविवारी दुपारी दोघी एसटीने उमरखेडला आल्या. सत्यभामा दारातून आत आली आणि माझे सारे अंग शहारले. केस पांढरे झाले होते, पाठ वाकली होती. तिने हात जोडले, मग पदराने डोळे पुसले.

“हा तं आमच्या विहारातला बुद्ध हाये,” ती म्हणाली. “माया मालकानं कोरला.”

सदाशिवराव हसले. “आजी, काहीतरी गल्लत होते आहे. ही मूर्ती तीनशे वर्षांची आहे. बारा आऱ्यांचं असं चक्र दुसरीकडे पाहायलाही मिळत नाही.”

“काहून नाही मिळत? बंडीचं चाक पाहा नं! त्याले बाराच आरे असतात. म्या म्हणलं होतं त्यायले, चक्राले चोवीस पाह्यजे. तं म्हणे, माया हाताले बाराच येते.”

सदाशिवरावांचे हसू मावळले. सत्यभामा पुढे म्हणाली, “खालून सातवा आरा कोरतानी तडकला होता. मांगून बाभळीची पाचर मारली हाये. लाल लाकूड दिसन तुमाले.”

त्यांनी मला बाहेर काढले, उलटे केले, भिंग लावले. पाचर तिथेच होती. ते मटकन खुर्चीत बसले. मग उठले, माझी पाटी काढून खिशात कोंबली आणि मला दाराशी, जमिनीवर, चपलांच्या रांगेजवळ ठेवून दिले.

मित्रांनो, भंगाराच्या गाडीतही मला असा हादरा बसला नव्हता. सकाळपर्यंत ज्यांनी मला फुलासारखे हाताळले, तेच हे हात!

सत्यभामा मात्र ताडकन पुढे झाली. वाकता येत नसताना वाकली आणि मला उचलून छातीशी धरले.

“तीनशे वर्साचा होता तवा काचंत, अन पन्नास वर्साचा निंघाला तं चपलापाशी? जुना नाही म्हून काय बुद्ध नाही का हा, भाऊ?”

सदाशिवरावांनी चपलांकडे पाहिले, आपल्या हातांकडे पाहिले. “चुकलो मी, आजी,” ते पुटपुटले. “घेऊन जा. तुमचाच आहे.”

सत्यभामा निघाली. दारात थांबून तिने कपाटाकडे नजर टाकली.

“अन हे बाकीचे कोनाचे हायेत?”

सदाशिवरावांना प्रत्येकीचे वय तोंडपाठ होते, लाकूड ठाऊक होते, शैली ठाऊक होती.

“मी कधी विचारलंच नाही,” ते म्हणाले.

आता मी सत्यभामेच्या घरी आहे. विहारात परत ठेवायचे की नाही, याचा निर्णय मंडळी घेतील तेव्हा घेतील. माझे तुम्हांला एवढेच सांगणे आहे, मित्रांनो : जुनी वस्तू जपा, तिला उन्हा-पावसात टाकू नका, अडचण झाली म्हणून भंगारात देऊ नका. पण कुठे अशी वस्तू दिसली तर तिचे वय नंतर विचारा. आधी विचारा, ही कोणाची. अठरा जणी अजून त्या काचेमागे बसल्या आहेत.